झोपलेला ड्रम

ला पोर्फिया बाग, पितालितो
१४ नोव्हेंबर

चि. आर्नुल्फो यास ताईचे आशीर्वाद.

बोगोटातली थंडी तुला फार बाधत नसेल अशी आशा आहे. माता मरिया तुझी छाती सांभाळो. इकडे सगळे ठीक. वरच्या उतारावरची कॉफीची फळं एकदम लाल झाली आणि तोडायला माणसं मिळेनात. काळी कोंबडी खुडूक बसली आहे. आईचे गुडघे तसेच, जीभही तशीच.

तुझी कॉफी स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत गेल्याचं रेडिओवर ऐकलं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगते आहे. मीही अभिनंदन करते. मनापासून करते असं लिहिणार होते, पण राहू दे.

उल्पियानो, ज्याच्या जीपमधून आपली पोती जातात, तो परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "एदुविनाताई, तुमच्या कॉफीला म्हणे दालचिनीचा वास येतो. पुढच्या वर्षी सरळ केकच पिकवा की!" सगळे हसले, मीही हसले. पण कॉफीला तो वास यायला लागला आणि आपल्या स्वयंपाकघरातली दालचिनी भराभर संपायला लागली, हे दोन्ही एकदमच झालं होतं.

आता लपवत नाही. मी तुझ्यावर पाळत ठेवली होती. फळं आंबवायच्या निळ्या ड्रमला तू कुलूप घातलंस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. आपल्या गोठ्याला कुलूप नाही, आणि आंबणाऱ्या फळांना कशाला हवं? मी तुझे खिसे चाचपले, शर्टाचा वास घेतला. काही सापडलं नाही.

मग तो परदेशी खरेदीदार जेवायला आला. मक्याची अरेपा मोडता मोडता त्याने स्पष्ट सांगितलं, की आंबवा हवं तसं, पण फळांखेरीज ड्रममध्ये काही गेल्याचं कळलं तर स्पर्धेतून बाद व्हाल, आणि मी तुमची साधी कॉफीसुद्धा घेणार नाही. घर त्या साध्या कॉफीवरच चालतं, हे तुला काय सांगायचं! तू उठलास, बाबांच्या फोटोवर हात ठेवलास आणि म्हणालास, "फळांशिवाय मी यात काही टाकलेलं नाही." बाबांची खोटी शपथ तू घेणार नाहीस, म्हणून मी गप्प बसले. शंका मात्र गेली नाही.

तू जाताना नव्याने भरलेल्या ड्रमची किल्ली माझ्याकडे दिलीस, शुक्रवारी उघडून फळं वाळत घाल म्हणालास. मी ती चुलीजवळच्या खिळ्याला टांगली. काल दुपारी बागेतून येते तर ड्रमचं झाकण उघडं, आणि आई हातरुमालाएवढ्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी आत सोडते आहे. गूळ आणि दालचिनी.

"आई, हे काय चाललंय?"

"अगं, झोपलाय हा. झाकणावरच्या नळीतून एक बुडबुडा येईल तर शपथ! गुळाच्या पाण्याचा गुआरापो आंबेना झाला की माझी आई असंच उठवायची त्याला."

"तुला कोणी सांगितलं हे करायला?"

"आर्नुल्फोनेच! स्पर्धेच्या त्या पहिल्या ड्रमला कान लावून रडकुंडीला आला होता लेकरू. म्हणाला, आई, तूच उठव. किल्ली दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, बघ तरी, शिकशील. तर म्हणतो, नको, मी बघत नाही. इतका कसला गं लाजाळू!"

म्हणजे शपथ खरीच होती.

फोन केला असता, पण फोनवर आई शेजारीच कान देऊन बसते. म्हणून हे पत्र उल्पियानोच्या हाती देते आहे, तो आज तिकडे येतो आहे. आई परवा पोचेल. हो, आई येते आहे. निळा झगा इस्त्री करून ठेवला आहे. लेकाचं बक्षीस बघायचं आहे, आणि परीक्षकांना गुआरापो कसा उठवायचा तेही सांगायचं आहे. मी तिला अडवलं नाही. काय सांगून अडवणार होते?

हा ड्रम मी खड्ड्यात ओतला. खरेदीदाराला मी काही कळवलेलं नाही, ते तू कळवायचं आहेस. तो आपल्याला सोडेल की ठेवेल मला माहीत नाही, आणि मला भीती वाटते आहे. दालचिनीचं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण खोटं काम तू आईच्या हातांनी करून घेतलंस, आणि तिला वाटतं आपण लेकाला मदत केली.

ती यायच्या आत परीक्षकांना भेट आणि कॉफी मागे घे. नाहीतर त्यांना आई सांगेल. अभिमानाने सांगेल, आणि लोक का हसताहेत हे तिला कळणारसुद्धा नाही.

परवा पहाटे स्टँडवर वेळेवर जा. तिला पायऱ्या उतरवत नाहीत, हात दे.

तुझ्या उत्तराची नव्हे, तुझ्या कबुलीची वाट पाहणारी,
एदुविनाताई