घुंगरांचा चेंडू

रविवार, २ फेब्रुवारी

नवे पाळक शब्दांचे शेवट गिळतात. आज प्रवचनाचा उत्तरार्ध मला कळलाच नाही. उपासनेनंतर त्यांना स्पष्टच सांगितले— "वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचू द्यावे." ते हसले, काहीतरी म्हणाले. तेही गिळूनच!

शेवटी नेहमीप्रमाणे माझ्या लेकीच्या, चिमीच्या डोळ्यांसाठी प्रार्थना झाली. माझ्या शेजारची जागा रिकामी. जिच्यासाठी सगळी मंडळी देवापुढे पदर पसरते, तीच तेवढी हजर नसते. मी मान लववून 'आमेन' म्हणालो, तर पुढच्या बाकावरच्या बाई दचकून मागे वळल्या. प्रार्थनेत मागे वळून पाहण्याची ही कोणती रीत?

बुधवार, ५ फेब्रुवारी

चिमी येऊन गेली. इस्पितळातल्या फोनच्या टेबलावरची पाळी संपवून, पांढरी काठी टेकत थेट इकडे. दारात बराच वेळ उभी होती म्हणे. मी तर घरातच होतो! घंटा बिघडलेली दिसते. दुरुस्त करून घेतली पाहिजे.

"पप्पा, पंधरा तारखेला आमचा शेवटचा सामना आहे. याल?"

"रविवारी नाही ना?"

"शनिवारी. तुमच्या देवाकडे रजा मागावी लागणार नाही."

"तो तुझाही आहे."

"आहेच की. मी चर्चची मंडळी सोडली, त्याला नाही."

वाक्य निर्दोष होते.

कॉलेजात असताना तिची दृष्टी गेली. तिची आई शेवटच्या श्वासापर्यंत त्यासाठीच गुडघे टेकत राहिली, आणि तिच्यामागे ते काम माझ्याकडे आले. मी चिमीला दर रविवारी पुढे नेत असे. पाळक तिच्या डोळ्यांवर हात ठेवीत. मग एके दिवशी तिने येणेच थांबवले. का, ते आज प्रथमच बोलली.

"हात ठेवतात, प्रार्थना होते, आणि मग सगळे गप्प होतात. वाट बघत. मी डोळे उघडते. मग कोणीतरी खोकतं, कोणी नाक ओढतं. दर वेळी मीच नापास, पप्पा! आमच्या हॉलमध्येही सगळे गप्प असतात. पण ते मला ऐकू यावं म्हणून."

खेळाचे नाव गोलबॉल. दोन्हीकडे तीन-तीन जणी. कोणाला थोडेफार दिसत असले तर लाभ मिळू नये, म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर काळी पट्टी. चेंडूच्या पोटात घुंगरू. समोरून तो घरंगळत येतो तेव्हा आवाजावरून दिशा ओळखायची आणि आडवे पडून अंगाने अडवायचा. प्रेक्षकांनी मात्र चकार शब्द काढायचा नाही.

"शांत कसे बसावे हे मला शिकवू नकोस. छापखान्यात जन्मभर मुद्रिते तपासली आहेत."

"पण तुम्ही ओरडून बोलता हो हल्ली."

"मी स्पष्ट बोलतो. पलीकडे यंत्रे धडधडत असत; सवय लागली."

"बरं बाबा. मग त्या दिवशी स्पष्ट गप्प बसा!"

मोठ्याने हसली. फार दिवसांनी या घरात कोणी हसले. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "जिंकलो तर देशाच्या संघाच्या शिबिराला जायचंय. यंदा नाही तर कधीच नाही. खांदा आता ऐकत नाही माझं."

शनिवार, ८ फेब्रुवारी

सराव पाहून आलो. जमिनीवरच्या रेषांत चिकटपट्टीखाली सुतळी बसवलेली असते. मुली बोटांनी चाचपून आपली जागा धरतात. माझी मुलगी मधल्या जागेवर, गुडघ्यावर, मान किंचित तिरकी. दोन्ही गुडघे खरवडलेले, एक कोपर निळे. चेंडू आला की ती अंग झोकून देऊन झेपावते.

घुंगरांचा आवाज मला फार बारीक वाटला. एवढ्याशा आवाजावर या मुली चेंडू कसा धरतात, देव जाणे! कानांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाळकांना विचारले, चिमीच्या सामन्यासाठी प्रार्थना करता येईल का? तीनदा विचारल्यावर उत्तर हाती लागले— "डोळ्यांसाठी करतोच आहोत की, आजोबा. त्यात सगळं आलं."

शनिवार, १५ फेब्रुवारी

हरल्या. आज लिहवत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

उपासनेला गेलो नाही. इतक्या वर्षांत आजारपण सोडून प्रथमच.

जे घडले ते क्रमाने लिहितो. दोन्ही संघ बरोबरीत होते. सामना संपायला थोडाच अवधी उरला होता. पंचांनी हात वर करून शांतता मागितली. समोरच्या उंच मुलीने चेंडू उचलला. चिमी मधोमध, जमिनीलगत, जाळे विणून बसलेल्या कोळ्यासारखी स्थिर. मी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना केली. मी नेहमी तशीच करतो. आवाज म्हणून नसतो.

डोळे उघडले तेव्हा चेंडू आमच्या गोलच्या जाळीत होता. पंचांचा हात माझ्याकडे रोखलेला. हॉलमधले सगळे डोळस माझ्याकडे पाहत होते. चिमीनेही तोंड माझ्याकडे वळवले होते— काळी पट्टी बांधलेले तोंड, अचूक माझ्या दिशेला.

आवाज आमच्याच बाजूच्या प्रेक्षकाचा, म्हणून गोल ग्राह्य धरला गेला.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यासमोर उभी राहिली. अंग घामाने थबथबलेले. माझ्या कानाजवळ येऊन बोलली, म्हणून शब्दन् शब्द कळला. कळला नसता तर बरे झाले असते.

"का ओरडलात?"

"मी ओरडलो नाही. मनातल्या मनात प्रार्थना केली."

"'प्रभू, माझ्या लेकीला दृष्टी दे.' सगळ्या हॉलनं ऐकलं, पप्पा. चेंडू माझ्याकडे निघाला होता आणि मला ऐकू कोण आलं, तर तुम्ही."

"खोटे बोलू नकोस!" असे मी म्हणालो. पोटच्या मुलीला.

ती चिडली नाही. चिडली असती तर मी उत्तर दिले असते. एवढेच म्हणाली, "जिंकू दे म्हणाला असतात, तरी चाललं असतं. तिथंसुद्धा तुम्हाला माझे डोळेच हवे होते."

मग काठी उघडून निघून गेली. मी पुढे होऊन तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

मी ओरडलो नाही. शपथेवर सांगतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

एक गोष्ट जेवू देत नाही. ओठांतले माझे शब्द तिला जसेच्या तसे कळले कसे?

गुरुवार, २० फेब्रुवारी

तीनदा फोन केला. उचलत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हॉलवर गेलो. चिमी नव्हती. प्रशिक्षिका एकटीच जाळी गुंडाळत होती. तिला म्हटले, "ओरडणारा मी नव्हतो, एवढे माझ्या मुलीला समजावा." ती काही बोलली. मी म्हटले, "स्पष्ट बोला." तिने पुन्हा तेच म्हटले. तिसऱ्यांदा तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले, आणि कपाटातून चेंडू काढून माझ्या हातात दिला. निळा, जड, भोके पाडलेला.

खुणेनेच म्हणाली— हलवा.

हलवला. हातांना आतल्या घुंगरांची थरथर लागली. एखादे पाखरू मुठीत धरावे तशी. आवाज मात्र आला नाही. कानाला लावून हलवला तेव्हा कुठे काहीतरी किणकिणले, शेजारच्या घरात चमचा पडावा तसे.

दाराशी झाडणारी बाई झाडू थांबवून आमच्याकडे पाहू लागली होती. तिला तिथवर ऐकू गेले होते.

मी चेंडू परत दिला. मग आठवू लागले— दाराची घंटा. मागे वळलेल्या त्या बाई. पाळकांचे गिळलेले शेवट. बिचारे पाळक! ते पूर्ण वाक्यच बोलत असणार.

प्रशिक्षिकेने माझ्याच चष्म्याच्या पाकिटावर लिहून दाखवले: 'तिने संघ सोडला.'

रविवार, २३ फेब्रुवारी

पाळकांना कानांचे सांगितले. सांगायला नको होते. त्यांनी मला पुढे बोलावले, दोन्ही तळहात माझ्या कानांवर ठेवले. उबदार, माणुसकीचे हात. त्यांच्या मनात काडीचे वाईट नव्हते. त्यांचे ओठ हलताना मी पाहत होतो.

मग हात बाजूला झाले. सगळी मंडळी माझ्याकडे पाहत थांबली.

माझ्या तोंडाकडे. आशेने. वाट बघत.

काय करावे ते मला कळेना. सगळ्यांची निराशा करणार म्हणून शरमेने मान खाली गेली. चिमीला मी दर रविवारी हाताला धरून इथे आणून उभे केले होते— याच जागी, याच सतरंजीवर. आणि पहिल्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्या आशेने तिच्याकडे पाहणारा मीच होतो.

कोणी खोकले असेल तर मला ऐकू आले नाही.

जागेवर येऊन बसलो. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांसाठी काही मागितले नाही. ती फोन उचलो, एवढेच मागितले. तोंडावर रुमाल घट्ट धरून.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तिने फोन उचलला. बोलू लागली— हळू आवाजात, बराच वेळ. रडताना ती लहानपणापासून हळूच बोलते. आवाज होता, शब्द नव्हते. मी म्हणालो, "चिमे, मोठ्याने बोल गं बाळ. मला ऐकू येत नाही."

त्यानंतर पलीकडे शांतता पसरली. किंवा ती बोलत असेल.