बसून असलेल्यांची यादी

५ जानेवारी, सोमवार

काम मिळालं. महिन्याभराचंच, पण मिळालं. तालुक्याच्या ऑफिसात मॅडमनी छापील अर्जांचे दोन गठ्ठे आणि एक नोंदवही दिली. घरोघर जायचं, अठरा ते पस्तीस वयाचं कोण काम शोधतंय ते लिहायचं. माझा हुद्दा: प्रगणक. ओळखपत्रावर नीट छापलाय. घरी येईपर्यंत तीनदा वाचला.

गावातून चाळीस नावं झाली तर नोकरी मेळावा आमच्याच शाळेच्या पटांगणात. कराडच्या, पलूसच्या, कुपवाडच्या कंपन्या इथं येणार. नाही झाली तर मेळावा दुसऱ्या गावाला. मॅडम म्हणाल्या, "जागा भरपूर आहेत हो, माणसंच मिळत नाहीत." मला पारावर सकाळी आठपासून बसलेली आमची सगळी पोरं दिसली. चाळीस म्हणजे एका दिवसाचं काम.

६ जानेवारी, मंगळवार

अकरा घरं. एकही नाव नाही.

शांताकाकूंकडं विचारलं, घरात कोण पोरगं बसून हाय का? "न्हाई बाबा. आमचा विकास गलाईला हाय की. कोइमतूरला." मी 'सोने गाळणे, कोइमतूर' असं लिहिलं. तेवढ्यात आतून विकास म्हणाला, "आये, चार्जर कुटाय?"

काकू माझ्याकडं बघत होत्या, मी अर्जाकडं.

काकू म्हणाल्या, "जे लिवलंयस ते बरोबर हाय."

८ जानेवारी, गुरुवार

सहा नावं. सहाही लग्न झालेली माणसं. आज संध्याकाळी यासीनच्या वडिलांच्या गादीच्या दुकानात कापसाच्या ढिगावर बसून यादी दाखवली, तर यासीन इतका हसला की चाचांनी पिंजायचं थांबवलं.

"आरं गड्या, ज्येचं लगीन झालंय त्येला कसली भीती? बायको तर घरात आलीय. बिनलग्नाचं नाव कुठली आई दील? पुन्हा ही यादी तू सव्वीस तारखेला ग्रामसभेत मोठ्यानं वाचनार. चार गावचं पावनं ऐकनार."

"मग तुझं लिहितो."

"माजं कसं? मी वडलांचा धंदा बघतो." आणि कापसावर आडवा झाला.

९ जानेवारी, शुक्रवार

आई म्हणाली, "आपल्या घराचं लिवलंस का?"

अजून नाही.

"लिव. गलाई. सुट्टीवर आलाय."

माझी सुट्टी दीड वर्ष चाललीय. अकरावी अर्धी सोडून गेलो, चार वर्षं भट्टीपाशी काढली, ॲसिडच्या वाफेनं खोकला धरला आणि परत आलो. खोकला गेला. आईनं गावात सांगितलं सुट्टी, आणि तेच गिरणीवाल्या पोपटमामांनी पुढं कुंडलला सांगितलं. मुलगी त्यांच्या बहिणीची. अर्चना. बी.कॉम. फोटो बघितलाय (आईच्या डब्यात आहे, गव्हाच्या नाही, चहाच्या). अठ्ठावीसला बघायचा कार्यक्रम.

माझा अर्ज पेन्सिलीनं भरलाय. 'सध्या काय करता' हा रकाना कोरा. आबा मेंढरं कोंडून आले, अर्ज उलटा धरून बघितला आणि म्हणाले, "अक्षर लय चांगलं हाय."

१२ जानेवारी, सोमवार

ऑफिसात गेलो. नऊ नावं. मॅडमनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"तुमच्या गावात लग्न झालं की नोकरी जाते का?"

मग त्यांनी दुसरा रकाना दाखवला. 'स्त्री'. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिथं मी आडवी रेघ मारलेली. पट्टी लावून.

"मुली नाहीत गावात?"

बासष्ट घरं फिरलो आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच विचारलं, पोरगं बसून हाय का. कान तापले. एसटीत खिडकीपाशी बसून सगळ्या रेघा मोजल्या. एकही वाकडी नव्हती, हे आणखी वाईट.

१३ जानेवारी, मंगळवार

पुन्हा पहिल्या घरापासून. पहिलं यासीनचंच. त्याची बहीण नसीम दारात तांदूळ निवडत होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली,

"आलास? आट दिस दारावरनं जातूयस. मला वाटलं आमच्या घरात माणसं ऱ्हात्यात का न्हाई ह्येच तुला ठावं न्हाई."

नर्सिंग झालंय तिचं. दीड वर्ष घरी. मला माहीत होतं! तिच्या पेढ्याचा तुकडा मी खाल्लाय. नाव लिहिलं, शिक्षण लिहिलं. सही तिनं माझ्याहून चांगली केली.

शांताकाकूंच्या थोरल्या सुनेचं विचारलं. काकू म्हणाल्या, "तिला काय कवा नोकरी?" सून आतून म्हणाली, "डी.एड. हाय मी, लिवा." काकूंनी आत वळून बघितलं. मग, "ती काय म्हनत्या ती लिव. नीट लिव."

एका दिवसात चौदा.

मुलींना भीती नाही. मुलगी घरात बसून आहे याला कोण नावं ठेवत नाही. भीतीचा हिस्सा सगळा आम्हा पोरांनी घेतलाय.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल संक्रांतीचं हळदीकुंकू सुरू झालं. आता मला फिरायला लागत नाही. नसीमनं अर्जांचा अर्धा गठ्ठा नेलाय. बायका ज्या घरी हळदीकुंकवाला जातात, तिथं ती दाराशी बसते, एका हातानं तिळगूळ घेते, एका हातानं नाव लिहिते. वाणात काय, तर शांताकाकूंनी या वर्षी पेनं वाटली! काकूंनी. मलाही एक. निळी शाई, चांगली उतरते.

एकूण त्रेचाळीस. मेळावा आमच्या गावात. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "आता पटांगण झाडून घ्या." मी शाळेभोवती दोन चकरा मारल्या, उगीचच.

२० जानेवारी, मंगळवार

मॅडमनी जागांची यादी पाठवली. दवाखान्यात परिचारिका, दुधाच्या प्लँटला पॅकिंग, बिलिंग, वेल्डर, फिटर. आणि पलूसच्या एका कारखान्यात 'भांडारपाल': आलेला माल मोजून वहीत लिहिणं. शिक्षणाची अट नाही, अक्षर चांगलं हवं.

चारदा वाचलं.

पण मुलाखतीला ज्याचं नाव यादीत, तोच. यादी सव्वीसला वाचली की बंद. माझ्या नावाशिवाय चाळीस कधीच झालीत, म्हणजे गावाला माझं नाव नको आहे. फक्त मला हवं आहे. आणि नाव वाचलं की पोपटमामा ऐकणार. ते ग्रामसभेला पहिल्या ओळीत बसतात, कमी ऐकू येतं म्हणून.

२४ जानेवारी, शनिवार

आज दळण न्यायचं निमित्त करून गिरणीत गेलो. मामांना सांगायचं ठरवलं होतं. पट्टा चालू होता. मी म्हणालो, मामा, मी सुट्टीवर नाही. मामा ओरडले, "बारीक का जाडं?"

"जाडं," म्हणालो. परत आलो. आई म्हणाली बारीक सांगितलं होतं.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळपासूनचं सगळं लिहितो.

सकाळी अंघोळ करून, चहा प्यायच्या आधी, पेन्सिलीवर शाई चढवली. रकान्यात लिहिलं: 'काही नाही. काम हवे आहे.' अनुक्रमांक त्रेपन्न.

झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा. सरपंचांनी मला पुढं बोलावलं. एक ते बावन्न वाचलं. मुलींची नावं आली की मागून बायका टाळ्या वाजवत होत्या, जणू बक्षीस समारंभ. मग त्रेपन्न. मी माझं नाव वाचलं, वडलांचं वाचलं, आडनाव वाचलं, आणि रकानाही वाचला. तो वाचायची गरज नव्हती.

मग कोणीतरी मागून, "काय रं बिरू, मालकानं सुट्टीवरनं बोलावलं न्हाई व्हय?"

सगळं पटांगण हसलं. मीही हसलो, म्हणजे हसू आलंच. आई हसली नाही. पदर तोंडाला लावून बसली होती.

तेवढ्यात विकास उठला. पायात एकच चप्पल. "माजं बी लिव."

शांताकाकू: "आरं गाढवा, तू कोइमतूरला हायस न्हवं!"

विकास: "आलो की आत्ताच."

मग काय. यासीन आला ("धंदा वडलांचा हाय, माजं काय?"), त्याच्यामागं पार अख्खा उठून आला. ग्रामसेवक म्हणाले, यादी बंद झाली. सरपंच म्हणाले, "आवं भाऊसाहेब, जेवायच्या सुट्टीपतूर उघडी ठेवा." नसीम माझ्या शेजारी बसून लिहीत होती आणि प्रत्येकाला मोठ्यानं विचारत होती, "बोला, काय करता सध्या?" पोरं लाजत होती, ती विचारत होती. भावाला तर दोनदा विचारलं.

एक्क्याऐंशी. पानं संपली, वहीला पानं जोडली.

पोपटमामा शेवटपर्यंत पहिल्या ओळीत. सभा संपल्यावर टोपी झटकून निघून गेले.

२७ जानेवारी, मंगळवार

आई बोलत नाही. भाकरी वाढते, पण आवाज करून वाढते.

आबा अंगणात काठी तासत होते. म्हणाले, "मी मेंढरं घिऊन कोकणात जायचो तवा लोक इचारायचं, तुमी ऱ्हाता कुटं? मी म्हनायचो, कुटंच न्हाई. खरं सांगितल्यावर लोक वाडग्यात ताक वतायचं." मग पुन्हा तासायला लागले.

दुपारी पोपटमामा स्वतः घरी आले. पाणी प्यायले. आईचं तोंड पांढरं. मामा म्हणाले, "ताई, दीड वर्साची सुट्टी मिल्ट्रीत बी मिळत न्हाई. मला काय ठावं नव्हतं?"

आई म्हणाली, "मग कुंडलला?"

"त्यास्नी काल फोन लावला. खरं ते सांगितलं. मुलीचा बाप म्हनला उद्याचं राहू दे." मामा थांबले. मला वाटलं संपलं. "पर मुलीनं फोन हातातनं घेतला. ती इचारत्या, ह्या मेळाव्याला कुंडलच्या मुली चालत्यात का?"

मॅडमना लगेच विचारलं. चालतात. बाहेरगावच्यांसाठी यादी मेळाव्यापर्यंत उघडी, नाव मात्र इथं येऊन, सहीनिशी.

३१ जानेवारी, शनिवार

आली. भाऊ मोटरसायकलवरून घेऊन आला आणि पारावर पोरांशी बोलत उभा राहिला. शाळेच्या व्हरांड्यात मी, टेबल, वही. समोर ती. निळा ड्रेस, हातात प्रमाणपत्रांची फाईल, प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. असं कोणी करतं हे मला माहीत नव्हतं. मी सोडून.

पूर्ण नाव विचारलं. (माहीत होतं.) शिक्षण विचारलं. (तेही.) मग तो रकाना.

"सध्या काय करता?"

तिनं फाईल मिटली. "तुम्हाला काय सांगितलंय आमच्याकडनं?"

"शिवणक्लास चालवता. वीस मुली येतात."

"मशीन आहे," ती म्हणाली. "मुली नाहीत. मला सुईत दोरा ओवता येतो, तेवढंच."

मी हसलो नाही, लिहीत होतो. ती हसली. मग मलाही थांबवता आलं नाही. भाऊ पारावरून बघायला लागला.

मी लिहिलं: 'काही नाही. काम हवे आहे.' तिनं वाकून वाचलं. "हे तर तुमचंच उत्तर आहे. मामा सांगत होते, गावाला वाचून दाखवलंत म्हणे." सही केली. अनुक्रमांक ब्याऐंशी.

अक्षर माझ्यापेक्षा चांगलं नाही. पण वाईटही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मेळावा!

सहा टेबलं, मांडव, शाळेचाच माइक. कंपन्यांच्या माणसांना शांताकाकूंनी पोहे दिले आणि प्रत्येकाला सुनेचं नाव सांगितलं. विकास दुधाच्या प्लँटच्या रांगेत तीनदा मागं गेला. चौथ्यांदा त्याला पुढच्यानं धरून ठेवलं. घेतला! एक तारखेपासून रात्रपाळी. काकू रडल्या, मग म्हणाल्या, "आता खरंच घरात नसनार."

नसीमला कराडच्या दवाखान्यानं तिथल्या तिथं घेतलं. चाचांनी सांगितलं, तिच्यासाठी नवी गादी पिंजणार, कापूस स्वतः निवडून.

माझी मुलाखत साडेबाराला. कारखान्याचे साहेब जाड चष्म्याचे. त्यांनी माझा अर्ज उजेडाकडं धरला.

"एकही खाडाखोड नाही?"

"केली नाही साहेब."

"बारावी?"

"अकरावी. अर्धी."

"अर्धी कशी लिहिलीत? लोक पूर्ण लिहितात."

"अर्धीच झालीय."

त्यांनी शेजारच्याला अर्ज दाखवला. दोघं काहीतरी बोलले. "फोन करू," म्हणाले. फोन करू हे सगळ्यांनाच म्हणत होते का, ते नीट ऐकू आलं नाही. मी टेबलाजवळ आणखी वीस मिनिटं रेंगाळलो. दोघांना म्हणाले, एकाला नाही.

अर्चना बिलिंगच्या रांगेत होती. आई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. मी लांबून बघत होतो. आईनं तिला विचारलं, "पानी पिलीस का?" एवढंच. पण माझ्याशीही आई संध्याकाळपासून बोलतेय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन नाही. मोबाइल खिशात नको, खिशात रेंज जाते असं यासीन म्हणतो. त्यामुळं खिडकीत ठेवलाय. यासीनला वेल्डरचं पत्र आलं, पलूस. मला पेढा दिला, अख्खा.

ऑफिसात वही जमा केली. मॅडम म्हणाल्या, असं काम परत आलं तर पहिला फोन तुम्हाला. म्हणजे आता दोन फोनांची वाट.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अकराला फोन वाजला. पळत गेलो, उंबऱ्याला बोट ठेचलं. कुंडलचा नंबर.

अर्चनाच होती. तिचं झालं. पलूस, बिलिंग, एक तारखेपासून. मी अभिनंदन म्हणालो, नीट म्हणालो. मग तिनं सांगितलं, घरी स्पष्ट बोललीय: पहिला एक महिना कामावर जाऊन बघणार, लग्नाचं त्यानंतर. तोवर कोणी विचारायचं नाही. "तुम्हीसुद्धा."

"नाही विचारणार."

"आणि तुमचं? पलूसचा फोन आला?"

"नाही अजून."

"अहो, मग माझ्याशी काय बोलत बसलाय? ठेवते. लाइन मोकळी राहू दे." ठेवलाच.

बोटातून रक्त येत होतं, आई हळद घेऊन आली. आबा दारातून म्हणाले, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. तोंडभर हसत होतो, सगळ्यांना दिसत होतं.

दहा मिनिटांनी पुन्हा वाजला. पलूसचा असेल म्हणून आधी घसा साफ केला, शर्टाचं बटणही लावलं.

कुंडल.

"आला का?"