एक जरी टाळी पडली तर

आल्टेनरोडा, २ मार्च १९९७

ती. हिल्डेगार्डताईस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी ऐक आणि हसू नकोस. येशूच्या यातनांचं ते तीनशे वर्षांपूर्वीचं गायन यंदा गुड फ्रायडेला मी नाटकासारखं उभं करतोय. चाळीस गायक, हातात वही कुणाच्याच नाही. ‘क्रुसावर चढवा’ म्हणून ओरडणारा जमाव थेट श्रोत्यांच्या बाकांमधून उठणार. एकेक दिवा विझत शेवटी पूर्ण अंधार. कोण किती पावलं चालणार, तेही मी आखून दिलंय.

चर्चच्या मंडळावरच्या ट्राउटवाइनबाई मात्र भडकल्या. म्हणाल्या, घड्याळं दुरुस्त करतोस ना, तीच कर. देवळात तमाशा नको. शेवटी अट घातली. त्या दिवशी आपल्याकडे कुणी टाळ्या वाजवत नाही. एक जरी टाळी पडली तर ती उपासना नव्हे, खेळ. मग गायकवृंद माझ्याकडून काढून शहरातल्या संगीताच्या पदवीवाल्याकडे. ताई, एकही परीक्षा न देता बावीस वर्षं मी हा वृंद घडवलाय.

काळजीत असलेला,
एकहार्ट

ब्रेमेन, ९ मार्च

चि. एकहार्ट यास,
अ. उ. आ.

पावलं मोजलीस, श्वासही मोजले असशीलच! टाळ्या नकोत, असं कार्यक्रमाच्या पुस्तिकेत छाप म्हणजे झालं. आणि लोकांवर जरा माया कर. आईच्या दफनाला सगळा गाव रडत गात होता, आणि तू मात्र ते ओळीओळीला थांबतात म्हणून कपाळाला आठ्या घालून उभा!

देवळात गारठा असेल. लोकरीचे मोजे पाठवतेय, मिरवू नकोस, घाल.

सदैव तुझ्या बाजूची,
ताई

आल्टेनरोडा, २९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुटलो गं बाई!

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ठळक छापलं होतं: टाळ्या वाजवू नयेत. आणि दिवे मीच विझवले! अंधारात ते वाचणार कोण? शेवटचा दिवा गेला तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं. त्यात शहरातून दोन बस भरून पाहुणे आलेले.

शेवटचं स्तोत्र सुरू झालं. आपल्याकडे ते पोरासोरांनाही पाठ. दुसऱ्याच ओळीला मागून एक जाडा आवाज मिसळला. ट्राउटवाइनबाई! मग त्यांचा बाक, मग अख्खं देऊळ. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून, दम घेऊन, आपले आजोबा गायचे तस्संच. थांबू नका म्हणून गायकांना मी चार महिने छळलं होतं; आणि काल मीच, अंधारात कुणाला दिसत नसतानाही, हात वर धरून ओळीओळीला लोकांची वाट पाहत होतो.

संपलं. चिडीचूप. स्वतःच गायल्यावर माणूस टाळी कुणासाठी वाजवणार? पाहुणेसुद्धा सगळ्यांमागोमाग मुकाट्याने उठून गेले.

दारात ट्राउटवाइनबाईंनी मला अडवलं. म्हणाल्या, पुढच्या वर्षी पायरीजवळ एक दिवा राहू दे, मी पडले असते.

पुढच्या वर्षी, ताई!

मोजे उबदार आहेत. तुझी मायाही तशीच राहू दे.

तुझा,
एकहार्ट