टेबल आणि चौकट

प्रिय धाकट्या,

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू ‘बरं, बघू’ म्हणतोस, मी ‘बरं’ म्हणते आणि मग आपण दोघं हवेविषयी बोलतो. म्हणून लिहिते आहे. तुझी भिंगरी इथे ठीक आहे, हे आधी सांगते. जेवते, शाळेत जाते, केस विंचरू देत नाही. तुझ्या बायकोला सांग, लेकीला स्वेटर बसला. बाह्या जरा लांब आहेत, त्या ती चावते.

महिनाभर इथे जमीन हलते आहे, हे तू बातम्यांत ऐकलंच असशील. मोठं काही नाही. कपबश्या किणकिणतात, टांगलेला दिवा झुलतो, लोक जिन्यात येऊन उभे राहतात आणि थोड्या वेळाने एकमेकांकडे बघून ओशाळं हसत परत जातात. भूकंप केंद्रात मात्र फोन थांबत नाहीत. यंत्रं बघणारे आतल्या खोलीत बसतात आणि लोकांना उत्तरं देणारी मी बाहेरच्या. एक बाई रोज सकाळी फोन करतात. आज येणार का, एवढंच विचारतात. सांगता येत नाही म्हटलं की म्हणतात, “अहो, नक्की नको, अंदाजे सांगा. मला गच्चीत गाद्या घालायच्यात.” कोणाचा कुत्रा रडतो. कोणाला हवा कोंदट वाटते, ही भूकंपाचीच हवा म्हणे. एका गृहस्थांनी मला समजावलं की हे लहान लहान धक्के चांगलेच, आतली वाफ निघून जाते, मग मोठा येत नाही. मी म्हटलं, तसं नसतं, असे हजारो धक्के मिळूनही एका मोठ्याची बरोबरी होत नाही. ते म्हणाले, “तुम्ही तिथे नोकरीला, तुम्हाला असंच बोलावं लागणार.”

पूर्वी मला या लोकांचा राग यायचा. आता येत नाही. कुत्रा रोजच भुंकतो. ज्या दिवशी जमीन हलते त्या दिवशीचं भुंकणं तेवढं लक्षात राहतं. हवा कोंदट होती आणि काहीच झालं नाही, असे दिवस कोण आठवतं? आणि लहान धक्क्यांनी मोठा टळतो, हे तर ज्याला आज झोपायचं आहे त्याला मानावंच लागतं. खोटं असलं तरी त्यावर डोकं टेकता येतं. माझ्या उत्तरावर टेकता येत नाही. कधी येईल ते ठाऊक नाही, हे माझं उत्तर.

घरीही तेच. अण्णांचं म्हणणं, मोठे भूकंप पहाटेच येतात. म्हणून ते पहाटे उठून, कपडे करून, चपला घालून बसतात. आपल्या घरावर आला तेव्हा मी शाळेत होते. फळ्यावर भागाकार होता. म्हणजे चांगला दिवस वर आला होता, हे अण्णांनाही माहीत आहे. मी एकदा तसं बोलले. ते म्हणाले, “तो वेगळा.”

अण्णांची सुतारकीतली ती सवय तुला आठवत असेल. कोणाच्या घरी दाराची चौकट बसवली की ते हत्यारं लगेच आवरायचे नाहीत. आधी स्वतः चौकटीत उभे राहायचे, दोन्ही बाजूंना हात टेकून खांद्याने रेटायचे. मग घरच्या बाईला बोलावून तिथे उभं करायचे. “हलवा बघू,” म्हणायचे. ती लाजत ढकलायची. चौकट हलायची नाही. “जमीन हलली तर इथं येऊन उभं राहायचं. घर गेलं तरी ही जायची नाही.” चहा त्यानंतरच घ्यायचे. त्या घरांतल्या लेकीसुना आता आज्या झाल्या असतील, आणि नातवंडांना तेच सांगत असतील.

मी शाळाशाळांतून उलटं सांगत फिरते. खाली बसा, टेबलाखाली जा, त्याचा पाय घट्ट धरा. दारात उभे राहू नका. आताच्या घरांत चौकट बाकी घराहून मजबूत नसते, दार आपटून लागतं, बाजूने येणारं काही ती अडवत नाही. मुलं विचारतात, मग सगळे दारात का उभे राहतात? मी त्यांना एक जुना फोटो दाखवते. मातीची घरं पडली आहेत आणि मध्ये एक चौकट उभी आहे. हे बघून लोकांना वाटलं, चौकटीत माणूस वाचतो. चौकट वाचली, एवढंच फोटोत आहे. तिच्यात कोणी उभं होतं का आणि त्याचं काय झालं, ते फोटोत नाही. हे मी इतक्या वर्गांत बोलले आहे की बोलताना मला आता काही होत नाही.

भिंगरीच्या वर्गातही बोलले. आपली आत्या वर्गाची बाई झाली म्हणून ती सगळ्यांकडे मान वळवून बघत होती. घरी येऊन तिने अण्णांना टेबलाखाली जाऊन दाखवलं. अण्णांनी सगळं शांतपणे पाहिलं, “छान,” म्हणाले, आणि तिचा हात धरून तिला स्वयंपाकघराच्या चौकटीत नेऊन उभं केलं. “हलव बघू.”

ती चौकट तुला माहीत आहे. पडलेल्या घरातून अण्णांनी ती एकट्याने मोकळी केली आणि हे घर बांधताना स्वयंपाकघराला बसवली. शेजारपाजारचे कुजबुजले. अण्णा म्हणाले, लाकडाचा काय दोष. मी तिच्यातून दिवसभर ये-जा करते, पातेली घेऊन, केर घेऊन. तू जात नाहीस. आलास की बाहेरच्या खोलीतच जेवतोस, पाणीही तिथेच मागतोस, गुडघा दुखतो म्हणतोस. तुझ्या बायकोला वाटतं, भाऊ बहिणीकडून लाड करून घेतो. मी तसं वाटू देते.

मागच्या आठवड्यातला धक्का जरा जोराचा होता. दिवेलागणीची वेळ होती. मी टेबलाखाली गेले आणि तिला हाक मारली. अण्णा चौकटीत जाऊन उभे राहिले आणि त्यांनीही तिला हाक मारली. आणि ती, जी दोन घास एका जागी बसून खात नाही, खोलीच्या मधोमध उभी राहिली. हात अंगाला चिकटवून. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. रडली नाही. दिवा तिच्या डोक्यावर झुलत होता. मग थांबलं. एक पेला फुटला, बाकी काही नाही. तिने विचारलं, “संपलं?” आणि मग, “मी कुठे यायचं होतं?”

ती हातपाय धुवायला गेली तेव्हा मी अण्णांना म्हटलं, तिला ते शिकवू नका. ते काचा गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, “चौकट उभी राहिली होती. तू पाहिलंस.”

पाहिलं होतं. शाळेतून आले तेव्हा सगळी गल्ली सपाट होती आणि आपली चौकट उभी होती, कोणी आत जावं अशी. आई तिच्यातच होती. भिंती दोन्हीकडून आल्या होत्या. अण्णांना मी एवढंच म्हटलं, “हो अण्णा, चौकट उभी राहिली.”

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले. हात थांबले होते.

त्यांना समजत नाही असं मला वाटायचं. आता वाटतं, समजत असावं. चौकटीत उभं राहणं चूक असेल, तर आईला तिथे उभं राहायला कोणी शिकवलं, हे विचारावं लागेल. ते विचारायला लागू नये म्हणून चौकट भक्कम असावीच लागते. पण मग माझं काय? दगडामातीच्या त्या घरात ती टेबलाखाली गेली असती तर वाचली असती का? केंद्रातल्या साहेबांना मी हे विचारलं, आपलं घर आहे हे न सांगता. ते म्हणाले, तशा घराचं काहीच सांगता येत नाही. मग इतकी वर्षं मी तरी कशावर डोकं टेकून आहे?

तू तिथे होतास. खाटेखाली सापडलास, कपाळावर एक ओरखडा. तुला कोणी कधी काही विचारलं नाही. आधी लहान म्हणून, मग मोठा झालास म्हणून. आई चौकटीत गेली ती अण्णांनी सांगितलं होतं म्हणून? की ती अंगणात होती आणि तुला घ्यायला आत येत होती? पहिलं असेल तर ते अण्णांच्या जिवाला लागेल. दुसरं असेल तर तुझ्या. कधी वाटतं, तू अण्णांना सांभाळतोस. कधी वाटतं, स्वतःला. कधी वाटतं, तुला काही आठवत नाही आणि गुडघा खरंच दुखतो. मला काहीच कळत नाही. हे मी कधी विचारलं नसतं, या पत्रातही नाही. पण काल भिंगरीला मी पक्कं सांगितलं, पुढच्या वेळी टेबलाखालीच यायचं. तिने मान हलवली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “पण मग आजोबा तिकडे एकटे राहतील.” तिला कुठलं बरोबर ते केव्हाच कळलं होतं, धाकट्या. ती गोंधळली होती ती त्यासाठी नव्हे. तेव्हा ये. उशीर करू नकोस, जमीन अजून थांबलेली नाही. स्वयंपाकघरात ये, अण्णांजवळ बस, आठवतं ते सांग. नसेल आठवत तर तसं सांग. मला नंतरही सांगू नकोस, चालेल. त्यांना त्या चौकटीतून बाहेर काढणं माझ्या हातात नाही, आणि ते निघाल्याशिवाय ती येणार नाही. टेबल मी भिंतीपासून सरकवून ठेवलं आहे. भिंगरीला घेऊन खाली बसून पाहिलं. तिघं सहज मावतात. तू असलास तर चौघंही, जरा अंग चोरून.

काहीच न उमगलेली, पण तुझीच,
ताई