उतारावर काढलेली चावी

बाई, काल नागपुरात चहाच्या टपरीवर जुन्या गाड्यांचा विषय निघाला आणि मी तुमच्या गाडीबद्दल पुन्हा तेच बोललो. म्हणून लिहून राहिलो. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि माझं शिक्षण नववीपर्यंतच, तरी.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. सौंसरात तेव्हा जीपाच जास्त, आणि तुम्ही, शाळेतल्या एकट्या राहणाऱ्या बाई, नागपूरच्या एका डॉक्टरची वापरलेली छोटी पांढरी गाडी घेऊन आलात. मागचं दार वर उघडलं तसं संत्र्याच्या दलालानं विचारलं, "बाई, इचं बोनट मांगं हाय का?" तुम्ही म्हणालात, "मांगं तुमचे संत्रे ठेवाले हाय. पुढं मले बसाचं हाय." सगळे हसले, पण कोणी म्हणालंच, "सेकंडहँड गाडी म्हणजे दुसऱ्याची कटकट. सहा महिने पाहा." मी तुम्हाला गाडी शिकवायला आठ दिवसांसाठी आलो होतो. तोवर कुठंच तीन महिन्यांवर टिकलो नव्हतो. तुमच्याकडं दोन वर्षं राहिलो, कारण ती गाडी. थंडीत पहाटे चावी फिरवली की एका झटक्यात चालू. मोहगावच्या काळ्या चिखलात बैलगाड्या रुतून बसायच्या, ही सशासारखी निघून जायची. त्या रस्त्यावर एक विहीर होती, तिचं पाणी इतकं गोड की मी मुद्दाम गाडी थांबवायचो, ते जाऊ द्या. बिघाड नसतानाही मी बोनट उघडून नुसता पाहत बसायचो. एवढ्याशा इंजिनात इतका जीव आला कुठून?

मग तो घाट. छिंदवाड्याला बोर्डाचे तपासलेले पेपर पोचवून आपण परत येतोय. दुपार आहे, दोन्ही बाजूंना साग, तुम्ही बाजूला डोळे मिटून बसलात. मी आधी ज्या जीपवर होतो, तिच्या मालकाची एक रीत होती. उतार लागला की इंजिन बंद करायचं आणि चावी काढून त्याच्या हातात द्यायची, म्हणजे पेट्रोल वाचतंय याची त्याला खात्री. हात सवयीनंच गेला. चावी काढली. जीपचं स्टेरिंग असं कधी अडकत नव्हतं. हिचं चावी निघाली की अडकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. वळण आलं आणि चाक वळेचना. ब्रेक दाबत दाबत गाडी मातीच्या बांधावर जाऊन आदळली. पलीकडं दरी नव्हती, एवढंच नशीब. तुम्ही विचारलं, "काय झालं रे?" मी चावी परत घालत म्हणालो, "बाई, स्टेरिंग जाम झालं." एक दिवा फुटला होता. आणि गाडी? एका झटक्यात चालू झाली, एका दिव्यानं आपल्याला घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी बाजारात मी सगळ्यांना तेच सांगितलं. "म्या म्हनलं होतं ना," दलाल म्हणाला. शाळेतले लोक तुम्हाला म्हणू लागले, विकून टाका, जिवाशी खेळ नको. पांढुर्ण्याच्या मिस्त्रीनं अर्धा दिवस सगळं खोलून पाहिलं. "बाई, काहीच नाही इच्यात." तुम्ही माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मी टायर पाहत होतो. सोमवारी तुम्ही एकट्याच ती चालवत लोधीखेड्याला गेलात, भर बाजारातून, काच खाली करून.

विकली ती चार वर्षांनी, डोळे अधू झाल्यावर. मी तेव्हा काम सोडलं होतं, सहज भेटायला आलो होतो. घेणाऱ्यानं विचारलं, "बाई, स्टेरिंगचं काही आयकलं होतं." तुम्ही शांतपणे सांगितलं, "गाडीत दोष नाही. फक्त उतारावर चावी काढाची नाही." मग मला म्हणालात, "आत ये, चहा टाकते." इतकंच. चार वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि लोकांचे टोमणे तुम्ही ऐकून घेत राहिलात. असं माणूस मी पुढं किती गावं हिंडलो तरी पाहिलं नाही.

तो चहा मी प्यालो, बाई, आणि तसाच निघून गेलो. आणि काल टपरीवर कोणी विचारलं, ती छोटी गाडी कशी होती रे, तर तोंडातून निघालंच, "चांगली होती, पण स्टेरिंग जाम व्हायचं."