काळीसाठी उघडं फाटक

नौबाद, मंगळवार संध्याकाळ

आज ऑफिसात, सगळं ऑब्जेक्टमध्येच बसवायची सवय असलेल्या प्रोग्रामरना क्लोजर शिकवलं. एका फंक्शनच्या आत दुसरं बनतं. बाहेरचं संपून जातं, तरी आतलं तिथली व्हॅल्यू धरून बसतं. आमच्यातले सगळ्यात जुने मल्लू अण्णा अडले. "ऑब्जेक्टची व्हॅल्यू बदलता येती. हितं बाहेरून कसं बदलायचं?"

"न्हाई बदलता येत, अण्णा. आतल्यानंच वाट ठेवली तरच." म्हणायला सोपं होतं.

घरी आले तर अप्पा फाटक उघडून उभे. आळंद गावची मेंढरं विकून इथं आलो त्याला किती वर्षं झाली! तरी रोज ह्या वेळेला मेंढरांना हाळी देतात. आवाज तोच, माळावरचा.

"काळी कामून आली न्हाई गं?"

काळी म्हणजे त्यांची लाडकी मेंढी. रोज मी सांगते, "अप्पा, मेंढरं इकली की." रोज त्यांचा चेहरा नव्यानं पडतो. दुसऱ्या दिवशी फाटक परत उघडं. कोणासाठी सांगते मी? खरं बोलल्याचं समाधान माझंच ना?

आज सांगितलं नाही. "यायलीय, अप्पा. जरा मागं राहिलीय," म्हणाले, आणि वाऱ्यानं लोटलं जाऊ नये म्हणून फाटक धरून उभी राहिले.