रिकामी काच

३ जून
आले एकदाची! कोपरचा फ्लॅट हवेशीर आहे. हितेशने उंबऱ्यावर लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर चिकटवलेत. नवरा म्हणून चालवून घेतेय. पाचव्या महिन्यात पुणं सोडून नोकरी बदलणारी बाई वेडी, असं समस्त नातेवाइकांचं मत. मरोत. डोंबिवलीत, रंगाच्या कारखान्याला खेटून असलेल्या शेडमध्ये क्वांटम कॅमेरा बनतोय यावर माझाही विश्वास नव्हता. पण यंत्र झकास आहे. लेझर स्फटिकातून गेला की प्रकाशकणांच्या जोड्या सुटतात. एक कण काचेवरच्या वस्तूतून जातो, दुसरा थेट येतो. दोघांची जोडी जमली तरच मोजायचा, बाकी उजेड कचरा. म्हणून कुठल्याच कॅमेऱ्याला न दिसणारी अंधूक वस्तू इथे उमटते.

५ जून
माणसं मात्र अगाध! मालक संदेशशेठ, आजोबांच्या भातशेतीवर ही शेड, गळ्यात साखळदंडाएवढी चेन. त्यांचा नियम: काच रिकामी ठेवून यंत्र चालवायचं नाही. वस्तू नसेल तर सुपारी ठेवायची. रिकामा पालना कोन हालवतं, असं मलाच विचारलं. रिकामा पाळणा हलवला की बाळाला बाधतं म्हणे. वर माझ्या पोटाकडे बघितलं. माझ्या हाताखालची भावना, चांगली एम.एस्सी. झालेली, तीही मुकाट सुपारी ठेवते. प्रत्येक मोजमापात सुपारी! दिवे लावलेत नुसते.

८ जून
शेठ माजिवड्याला हळदीला गेलेत, म्हणजे लग्न उरकून चार-पाच दिवस तरी येत नाहीत. सुपारी कचऱ्यात टाकली आणि दिवसभर रिकामी काच मोजली. चित्र कोरं यायला हवं होतं. मधोमध घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी वळून पडलंय. काच पुसली, तरी आहेच. भावना म्हणाली, बंद करा. तिला म्हटलं, जा, मीठमोहऱ्या आण.

११ जून
वाढलंय. धूळ असणार. पण धुळीला बोटं असतात का?
कालपासून पोटात हालचाल नाही. भूक लागली असेल त्याला.

१२ जून
सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई मशीनलाच दोष देत होत्या, चित्र फिकट येतंय म्हणाल्या. ठोके सापडत नाहीत. उद्या पुन्हा या. हितेश रडला, मी त्याच्यावर खेकसले. तशीच शेडवर आले.
पडद्यावर ठोके आहेत. मी पाहिले. आहेत.

१३ जून
शेठ सुपारी घेऊन आलेत. ठेवा, बंद करा, ते परत पोटात जाईल म्हणतात. आणि नाही गेलं तर? माझ्या लेकरावर सुपारी ठेवू? मूर्ख, सगळे मूर्ख— मी त्यांच्यातली पहिली. दार आतून लावून घेतलंय.
जोडी जमली तरच— एक तिकडे, दुसरा— मग मीच—
काच काढली. पोट झोतासमोर धरलंय. ये रे राजा, परत ये—
हललं! पोटात नाही. पडद्यावर. त्याने मान वळवली. आता शेजारी एक बाई दिसतेय, तिचा हात त्याच्या पाठीवर—
भावना बाहेरून दार बडवतेय, हाका मारतेय. ओ देते, तिला ऐकूच जात ना—
पेन धरलेली बोटं फिकट— त्यांच्यातून खालच्या ओळी दिस—